दंडावरच्या बांगड्या

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बीपी तपासायच्या रांगेत माझ्यापुढे तांड्यावरची एक बंजारा आजी होती. तिच्या दोन्ही दंडांवर कोपरापासून खांद्यापर्यंत पांढऱ्या बांगड्या होत्या. पट्टा गुंडाळायला जागाच नव्हती.

"आजी, एवढ्या काढा," सिस्टर म्हणाल्या.

"कशा काढू बाई? म्हातारा हाय ना माझा अजून."

सिस्टरनी तिचे जुने केसपेपर चाळले. तीन वेळा बीपीच्या जागी एकच शब्द होता, नकार. मला तो शब्द टोचला. तिने नाही म्हटलं होतं ते नवरा गेल्यावरच उतरणाऱ्या बांगड्यांसाठी, आणि कागदावर ती तपासणीलाच नको म्हणणारी ठरली होती. लिहिणाऱ्यालाही दोष देववत नाही, मागे केवढी रांग असते. तरी वाईट वाटलं.

सिस्टरनी केसपेपर बाजूला ठेवले. मग त्यांनी आजीला टेबलावर झोपवलं आणि पट्टा पोटरीला बांधला.

"बरंच वाढलंय. डॉक्टरांना लगेच दाखवू."

"मंग आधी का न्हाई बांधला तिथं?" आजीने शांतपणे विचारलं. सिस्टरनी पट्टा सोडला आणि आकडा कागदावर लिहिला.

माझा नंबर आला. मी बाही वर सरकवली. माझ्या कागदावर आजवर नकार आला नाही, कारण मला कुणी असलं काही उतरवायला सांगितलंच नव्हतं.