खुंटीवरचा भोपळा

नागरत्नाबाईंच्या रागाचा प्रसाद म्हैसूरच्या कुवेंपुनगरातल्या त्यांच्या गल्लीत सगळ्यांनी कधी ना कधी घेतला होता. भाजीवाल्याने कोमेजलेली मेथी दिली की त्या चिडत, रिक्षावाल्याने जरा लांबचा रस्ता धरला की चिडत, आणि कुणी "असू दे हो बाई" म्हणालं की दुप्पट चिडत. लोक म्हणत, बाईंच्या नाकावरच राग आहे. लोकांचं चुकत होतं. नाकावरचा राग येतो आणि जातो. बाईंचा राग परकराच्या वयात एकदा आला तो साठी उलटली तरी गेलेला नव्हता.

याच बाई वैशाखात मात्र पुण्यवान ठरत. नरसिंहाच्या नवरात्राला त्या दरवर्षी चामराजनगरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी बसवनमडूला जाऊन राहत. मडू म्हणजे डोह. डोंगरातून उतरणारा ओढा तिथे बसलेल्या बैलासारख्या एका खडकाला वळसा घालून थांबतो, आणि म्हैसूर उन्हाने भाजून निघत असतं तेव्हाही तिथलं पाणी दातात कळ येईल इतकं गार असतं. काठाला नरसिंहाचं लहानसं देऊळ आणि देवळामागे उतरायला एक खोली. "या वयात रोज पहाटे तीर्थस्नान! केवढी श्रद्धा!" असं गल्लीतल्या बायका म्हणत, आणि बाई गप्प राहत. खरं तर त्या पहाटे देवाला हात जोडत, पदर खोचत आणि डोहात शिरून मनसोक्त पोहत. स्नानाचं पुण्य घ्यायला कुणाची ना नव्हती. पोहण्याची मजा घ्यायची म्हटली की घराणं आडवं येई, म्हणून बाईंना जन्मभर ताकाला जाऊन भांडं लपवावं लागलं होतं.

याचं मूळ माहेरात होतं. त्यांचे वडील, अप्पा, दरवर्षी नरसिंहजयंतीला सगळ्या घराला याच डोहावर घेऊन यायचे. थोरला दामोदर, मधली विभावरी आणि धाकटी नागरत्ना अशी तीन मुलं. दामोदरच्या पाठीला वाळवलेला मोठा भोपळा बांधून अप्पांनी त्याला इथेच पोहायला शिकवलं. तो तरबेज झाल्यावर भोपळा घरी, स्वयंपाकघरातल्या खुंटीला गेला. विभावरीला कुणी शिकवलं नाही, कारण तिच्या पत्रिकेत जलगंडांतर होतं, पाण्यापासून जिवाला धोका. तिला विहिरीकडे जायची बंदी होती, आणि जयंतीला डोहाच्या पायरीवर उभं राहून तांब्याने अंगावर पाणी घ्यायचं एवढीच परवानगी. विस्तवाची भीती असलेल्या पोरीला माणसं आधी चूल कशी हाताळायची ते शिकवतात. पाण्याच्या बाबतीत मात्र या घरात उलटा न्याय होता.

एका जयंतीला शेवाळावरून विभावरीचा पाय सरकला. पायरीपासून बैलखडक काही फार लांब नव्हता. पाठीवर पडून ती नुसती तरंगली असती तरी निभावलं असतं, पण तरंगायचं असतं हेच तिला ठाऊक नव्हतं. दामोदर डोहाच्या पलीकडच्या टोकाला मित्रांबरोबर सूर मारत होता. आरडाओरडा ऐकून तो येईपर्यंत सगळं संपलं होतं. नागरत्ना पायरीवर बहिणीचा तांब्या धरून उभी होती.

पुढे भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला अप्पा सांगत, "लिहिलं होतं ते झालं. जातक चुकत नाही." त्यांच्या आवाजात दुःख होतंच. पण आपलं म्हणणं खरं ठरल्याचं समाधानही होतं, आणि ते समाधान त्या पोरीच्या कानांनी टिपलं. तो राग तिथे सुरू झाला.

लग्नानंतर पहिली काही वर्षं नागरत्नाबाई पाण्याकडे बघतसुद्धा नसत. मग एका नवरात्रात देवळातल्या पुजाऱ्यांची आई, रुक्मिणीबाई, नऊवारीचा काचा मारून पहाटे डोह ओलांडताना त्यांना दिसली. म्हातारीने काठाशी येऊन विचारलं, "भीती वाटते होय पाण्याची?" "भीती नाही, राग येतो," नागरत्नाबाई म्हणाल्या. "मग उतर की," म्हातारी म्हणाली. त्या नवरात्रात तिनेच बाईंना पोहायला शिकवलं. पुढे माहेरचं घर विकलं तेव्हा कुणी पितळेची घंगाळी नेली, कुणी देव नेले. बाईंनी धुराने काळा झालेला तो भोपळा मागून घेतला. सगळे हसले होते.

आणि आता तीच पत्रिका फिरून घरात आली होती. मुलगा प्राणेश कडकोळच्या एका कारखान्यात इंजिनिअर, सून सिंधू मूळची पुण्याची, नोकरी करणारी. त्यांची प्रार्थना नुकतीच सातवीत गेलेली. सुट्टीतल्या पोहण्याच्या वर्गाला तिचं नाव घालायचं ठरत होतं, तेवढ्यात जयलक्ष्मीपुरमच्या तिरुमलरावांनी कॉम्प्युटरवर तिची पत्रिका काढली आणि जलगंडांतर सांगितलं. वर्गाचं बारगळलं. आंघोळीची बादलीसुद्धा अर्धी भरायची असा हुकूम निघाला. त्या दिवशी बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अर्ध्या बादलीत बुडते होय रे पोर?" त्यांनी प्राणेशला विचारलं.

"आई, तू सुम्ने, उगाच वाद घालू नको. सोळा वर्षं होईतो नीराजवळ सोडू नका म्हणालेत. एनु माडोदु, काय करायचं सांग? मला एकच मुलगी आहे."

सिंधू लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली, "माझा पत्रिकेवर अजिबात विश्वास नाहीये, आई. पण उगाच विषाची परीक्षा कशाला घ्यायची?"

बाईंना मुलापेक्षा सुनेचा राग जास्त आला. विश्वास ठेवणाऱ्याशी निदान भांडता येतं. विश्वास नसताना घाबरणाऱ्या माणसाचं काय करायचं?

दुसऱ्याच दिवशी त्या रिक्षाने तिरुमलरावांकडे गेल्या आणि समोरच्या खुर्चीत बसल्या.

"गंडांतराला परिहार काय?"

"आहे की, बाई. जप आहे, कलशदान आहे..."

"आणि तीर्थस्नान?"

"तीर्थस्नान तर उत्तमच. पण पाण्याचंच गंडांतर असल्यामुळे..."

"पण बेडा, पण नको. उत्तम म्हणालात ना? तेवढंच प्राणेशला फोन करून सांगा. आत्ता. मी इथे बसलेय."

तिरुमलरावांनी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि फोन उचलला. संध्याकाळी प्राणेश नाइलाजाने तयार झाला. पुन्हा पुन्हा बजावत राहिला, "पायरीवर उभं करायचं, तांब्याने स्नान, आणि खोलीत परत. आयतु ना, आई? ठरलं?"

"मी तिला बुडू देणार नाही," बाई म्हणाल्या. प्राणेशला जे ऐकायचं होतं ते त्याने त्यात ऐकलं.

बसवनमडूला पोचल्यावर बाईंनी पिशवीतून भोपळा काढला आणि नातीच्या पाठीला बांधला. पण शिकवणं काही जमेना. प्रार्थना पाण्यात उतरताच अंग आखडून घेई, आजीच्या गळ्याला मिठी मारी, आणि बाईंचा पारा चढे. "हात सोड! पाय मार! अय्यो, भोपळा आहे ना पाठीला, मग बुडशील कशी?" त्यांचा आवाज डोंगरावर आपटून परत येई. दोन सकाळी अशाच फुकट गेल्या. तिसऱ्या सकाळी पोर रडत पाण्याबाहेर आली आणि टॉवेल गुंडाळून पायरीवर बसली.

"मला पाण्याची नाही, अज्जी, तुझी भीती वाटते," ती म्हणाली.

बाई हबकल्या. मग वर येऊन नातीशेजारी बसल्या आणि तोवर घरात कुणापाशी न बोललेली विभावरीची गोष्ट त्यांनी तिला सगळी सांगितली. ही तीच पायरी, हेही सांगितलं.

"मग तू माझ्यावर ओरडत नव्हतीस?"

"नाही ग. अप्पांवर ओरडत होते."

"पण ते तर नाहीयेत ना आता?"

"म्हणून तर. ओरडायला माणूसच उरला नाही." एवढं बोलताना बाईंना रडू आलं, आणि आपण रडतोय याचाही राग आला.

प्रार्थनाने नाक पुसलं, टॉवेल बाजूला ठेवला आणि पाठ पुढे केली. "बांध परत," ती म्हणाली. त्या सकाळी तिने आजीचा गळा सोडला. जयंती येईपर्यंत भोपळा खोलीतल्या कोनाड्यात जाऊन बसला होता, आणि पोर बैलखडकापर्यंत जाऊन कुणी हाक मारल्यासारखी परत येत होती.

जयंतीच्या सकाळी प्राणेशची गाडी आली. बरोबर सिंधू होती आणि दामोदररावही होते, काठी टेकत आलेले. प्राणेश पंचा नेसून पायरीवर उतरला, लेकीचा हात घट्ट धरून. प्रार्थनाने तांब्या भरला, अंगावर ओतला, मग तो रिकामा तांब्या बापाच्या हातात दिला आणि हात सोडवून घेऊन पाण्यात झेपावली.

प्राणेश जो ओरडला, त्याने देवळातले पुजारी बाहेर धावत आले. त्याला स्वतःला पोहता येत होतं, मुलगा होता ना, क्लबात पैसे भरून शिकवलेलं होतं. पण भीतीने त्याचे पाय पायरीला खिळले. तोवर प्रार्थना खडकाला पोचली, वर चढून बसली आणि वेणी पिळायला लागली.

"नरसिंहाने राखली!" दामोदररावांनी हात जोडले. "मोठं गंडांतर टळलं रे, प्राणेश."

इतक्या वर्षांचं साठलेलं तेव्हा फुटलं.

"नरसिंहाला मधे आणू नकोस, अण्णा," बाई ओरडल्या. "तिला पोहता येतं म्हणून ती तिकडे बसलीय. विभाक्काला येत नव्हतं म्हणून ती गेली. बस्स, एवढंच आहे. लिहिलेलं काही नव्हतं! घरात भोपळा खुंटीवर रिकामा टांगलेला होता आणि आमची बहीण इथे पायरीपाशी मेली. आणि अप्पा लोकांना सांगत बसले, जातक चुकत नाही म्हणून!"

"आई, तू मला फसवलंस," प्राणेश म्हणाला.

"बुडू देणार नाही म्हणाले होते. बुडली का?" बाई तरातरा खोलीत गेल्या आणि भोपळा घेऊन आल्या. "हा बघ. याच्यावर शिकली ती. ओळखलास का, अण्णा?"

दामोदररावांनी भोपळा पाहिला आणि काठी बाजूला पडली. ते पायरीवर खालीच बसले.

"तिने मागितला होता," ते म्हणाले.

"काय?"

"भोपळा. त्या जयंतीच्या आधी. अप्पा दुपारी झोपले होते. म्हणाली, अण्णा, मागच्या हौदात एकदा बांध ना मला. मी म्हटलं, मुलींचं काम नाही ते." त्यांनी डोळे मिटले. "परत मागेल म्हणून वरच्या खुंटीला टांगला. तिचा हात पोचू नये म्हणून."

हे नागरत्नाबाईंना माहीत नव्हतं. खुंटी आठवत होती. ती इतकी उंच का, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. अप्पांच्या नावे जन्मभर सांभाळलेल्या रागातला अर्धा समोरच्या या थकलेल्या माणसाचा होता, आणि तो दर दिवाळीला त्यांच्या हातची चकली खाऊन जात होता. भोपळा उचलून त्याच्या टाळक्यात घालावा असं त्यांना खरोखर वाटलं. त्यांनी भोपळा भावाच्या मांडीवर टाकला, सगळ्यांदेखत पदर कमरेला खोचला आणि भावाकडे पाठ करून पाण्यात शिरल्या. स्नानाचं नाव पुढे न करता, दिवसाउजेडी, घरच्यांसमोर त्या पहिल्यांदाच पोहत होत्या.

सिंधूने चपला काढल्या, ओढणीची कमरेला गाठ मारली आणि ती दामोदररावांपाशी येऊन उभी राहिली.

"मामा, हा बांधतात कसा?"

"कुणाला?"

"मला. मलाही पोहता येत नाही. माझ्या पत्रिकेत तर गंडांतरही नव्हतं. तरी कुणी शिकवलं नाही."

"सिंधू, अगं..." प्राणेश म्हणाला.

"तू तो तांब्या धर," सिंधू म्हणाली आणि दामोदररावांकडे पाठ करून खालच्या पायरीवर बसली.

म्हाताऱ्याने डोळे पुसले आणि दोरी हातात घेतली. बोटं वाकडी झाली होती, पण गाठ विसरली नव्हती. बाई बैलखडकाला धरून, नातीच्या पायांशी पाण्यात तरंगत ते पाहत होत्या. राग तसूभरही कमी झालेला नव्हता.

"सैल बांधतोयस, अण्णा!" त्या तिथून ओरडल्या. "सोड आणि परत बांध!"

दामोदररावांनी मान हलवली, गाठ सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.