लोखंडी गड्याचे पंच

आमच्या मामेसासऱ्यांनी ज्या गोष्टीवर निकाल दिलेला नाही, अशी गोष्ट या पृथ्वीवर अजून निर्माण व्हायची आहे. मामेसासरे म्हणजे सौभाग्यवतींचे सख्खे मामा. तरुणपणी ते कुस्त्यांच्या दंगलींत पंच होते. दंगलीत जाणं पुढे बंद झालं, पण पंचपण काही सुटलं नाही. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा पोहे येण्याआधीच त्यांनी मला उभं केलं, पुढूनमागून पाहिलं आणि "खांदे पडेल हायेत, पन चालते," असा निकाल दिला. पंगतीत बसले की कढीवर निकाल, शेजारच्या नवराबायकोच्या भांडणात न बोलावता जाऊन निकाल. तेही एक वेळ सोसलं असतं. खरा वैताग असा की दिलेला निकाल हा माणूस मेला तरी मागे घ्यायचा नाही. एकदा जळगाव जामोदच्या स्टँडवर "आज नांदुऱ्याची गाडी येत नाही," असं त्यांनी जाहीर केलं. दहा मिनिटांनी गाडी आली, आमच्या नाकासमोर उभी राहिली, कंडक्टरने दोनदा हाक मारली. हे आपले सातपुड्याकडे तोंड करून उभे. गाडी गेली आणि दोन जड पिशव्या उचलून मी त्यांच्यामागे घरी परत आलो. "काऊन बसले नाही, मामा?" म्हणून विचारलं तर म्हणाले, "एकडाव सांगतलं ना, आज गाडी नाही."

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं नवं होतं आणि मी जळगाव जामोदच्या पोस्टात कारकून होतो. उन्हाळ्यात गावाबाहेर तंबूची टॉकीज यायची. त्या वर्षी मालकाने कुठून कोण जाणे एक विलायती सिनेमा पैदा केला. पाटीवर दोन लोखंडी माणसं एकमेकांची मुंडकी उपटताना दाखवलेली आणि खाली लिहिलेलं, 'सहकुटुंब पाहावा.' भाषा कुणालाच कळणार नव्हती, म्हणून मॅट्रिकला इंग्रजीत पास झाल्याच्या गुन्ह्याखाली मालकाने मला पकडलं. मी पडद्याशेजारी स्टुलावर बसून भोंग्यातून गोष्ट सांगायचो. निम्मी मला कळायची, निम्मी मी बनवायचो. एका विधवेच्या घरी पाणी भरणारा, लाकडं फोडणारा लोखंडी माणूस असतो. खाणीचा मालक तिच्या घरावर टपलेला, त्याच्याजवळ दुसरा लोखंडी माणूस, वाड्याच्या फाटकाएवढा. दोघांची आखाड्यात झुंज. विधवेची दोन लेकरं आपल्या लोखंडी माणसाला बिलगून रडतात तेव्हा आमच्या तंबूतल्या बायाही पदर डोळ्यांना लावायच्या.

पहिल्याच दिवशी गावाने त्याचं नाव 'लोखंडी गडी' ठेवलं आणि रीळ बदलताना उजेड झाला की जो तो आपलं मत द्यायला लागला. बाया म्हणाल्या, भाकर मागत नाही, तमाखू मागत नाही, गडी असावा तर असा. मोठ्या शेतीवाल्यांना पुढच्या सालापासून सालदार म्हणून तोच हवा होता. तेव्हा जमिनीवर बसलेला एक मजूर मागून म्हणाला, "मंग आमी कुठं जावं बे?" एवढ्यावर भागलं असतं तर मी सुखी झालो असतो, पण पुढच्याच रिळात विधवेचा गडी आखाड्यात कुशीवर पडला, विलायती पंचाने दुसऱ्याचा हात वर केला आणि आमचे मामा उभे राहिले.

उभे राहिले ते नेमके मशीनच्या उजेडात. पडद्यावर दोन लोखंडी माणसांच्या मधोमध टोपी घातलेली, दोन्ही हात पसरलेली मामांची काळी सावली. "थांबवा. पाठ टेकली नाही. एकच खांदा लागला. हे कुस्ती निकाली नाही," असं म्हणून त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा पडद्यावर फेकला. रीळ मागे फिरवून पुन्हा दाखवल्याशिवाय ते बसेनात. मालकाने बिचाऱ्याने हाताने रीळ फिरवलं. अर्ध्या तंबूला एक खांदा दिसला, अर्ध्याला दोन, आणि माझी विधवा अर्धा तास तशीच रडत उभी. मालक काकुळतीला येऊन म्हणाला, "पंच, शेवटच्या रिळात हाच गडी जितते हो."

"थो मंग जितते," मामा म्हणाले. "पन मंगच्या जितन्यानं आधीचा निकाल बरोबर होते काय?"

हे रोज. सात दिवस रोज तिकीट काढून हा मनुष्य यायचा, त्याच जागी बसायचा आणि त्याच खांद्यावर सिनेमा अडवायचा. घरी तक्रार केली तर सौभाग्यवती म्हणायच्या, "मामाचंच बरोबर असन." सातव्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "मामा, थो पंच काही निकाल फिरवत नाही. तुमी सोता जलमात एक तरी निकाल फिरवला काय?" भोंगा तोंडाशीच होता हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. आख्ख्या तंबूने ऐकलं, बहुधा गावानेही. लोक खो खो हसले. मामा खाली बसले.

खेळ सुटल्यावर मालक मशीन पुसत म्हणाला, "तुमी हे काय बोलून बसले?" मग त्याने सांगितलं ते असं. दारावर तिकीट फाडायला एक थोराड, अबोल म्हातारा असायचा, तो मूळचा बीबी नावाच्या गावाकडचा पहिलवान. वीस वर्षांमागे तिकडच्याच एका दंगलीत त्याची कुस्ती लागली होती. धुरळा उडाला, तो पडला, एकच खांदा टेकला म्हणून ओरडत राहिला, आणि पंचाने दुसऱ्याचा हात वर केला. त्यानंतर तो आखाड्यात उतरला नाही. पंच आमचे मामा. सात दिवस मामा रोज त्याच्या हातात तिकीट देत होते आणि दोघंही एकमेकांकडे पाहत नव्हते. मला त्या रात्री माझीच लाज वाटली.

आठव्या दिवशी मामा पुन्हा हजर. लोखंडी गडी पडला. मी सवयीने बोलायचा थांबलो. मामा उठले, सावकाश माझ्यापर्यंत आले आणि माझ्या हातातला भोंगा घेतला. "बीबीकडच्या दंगलीत म्या जो निकाल देल्ला, थो चुकला," ते म्हणाले. "धुरळ्यात मले दिसलं नोहतं, अन् दिसलं नाही हे सांगाची लाज वाटली. एकच खांदा टेकला होता. कुस्ती बरोबरीत."

"हे कोन्त्या रिळात हाय?" पुढून कुणीतरी विचारलं.

दाराची कनात बाजूला झाली होती. पहिलवान तिथे उभा होता, हातात फाडलेली तिकिटं घेऊन. तो म्हणाला, "मले त तवाच मालूम होतं, पंच. तुमी कवा म्हन्ता, थेच पाहून राह्यलो होतो."

दुसऱ्या दिवशी मामांची जागा रिकामी. विलायती पंचाने हात वर केला, कुणी उठलं नाही, दुपट्टा आला नाही. याच शांततेसाठी मी आठवडाभर देवाला साकडं घातलं होतं, आणि आता मला पुढचं वाक्य सुचेना. रीळ बदलताना मी बाहेर डोकावलो. कनातीमागे बाजेवर दोघं म्हातारे चहा पीत बसले होते. आज त्यांतलं कुणी उरलं नाही, तो तंबूही कधीच बंद झाला, पण त्यांचं बोलणं मला अजून ऐकू येतं. मामांनी बशी तोंडाला लावली आणि निकाल दिला, "साखर कमी हाय."

"नाही, बरोबर हाय," पहिलवान म्हणाला.

मामा थांबले. पुन्हा एक घोट घेतला, जिभेवर घोळवला.

"हाव," म्हणाले, "बरोबर हाय."