पट्ट्यातली पट्टी

"मावशी, या मनगटाच्या पट्ट्यातली लोखंडी पट्टी कुठंय?" फिजिओबाईनं विचारलं.

"काढून टाकली. टोचत होती. आणि अगं, तुमच्या या पट्ट्याला टीप कुणी मारली? डोळे मिटून मारल्यासारखी. मी उसवला, आतून मऊ अस्तर लावलं. आता बघ कसा बसतोय."

"अहो, ती पट्टी म्हणजेच इलाज होता. झोपेत मनगट मुडपू नये म्हणून."

"मग तसं सांगायचंस."

"सांगितलं होतं."

सांगितलं होतं खरं. पण तेव्हा शिंपीणमावशी फिजिओबाईच्या पांढऱ्या कोटाची बाही बघत होत्या. खांद्यात चुकीची बसलेली बाही समोर असली, की मावशींचे कान बंद पडतात.

"मनगटातल्या बोगद्यातून शीर जाते. तिथं जागा कमी पडतेय."

"मग कर की सैल."

"त्यालाच ऑपरेशन म्हणतात. ते नको असेल तर रात्री पट्टा, दिवसा व्यायाम, आणि काही आठवडे कात्री सूनबाईंकडे."

दाराजवळच्या स्टुलावर बसलेल्या सूनबाईनं चटकन पंख्याकडे बघितलं. दुकानात मशीन तिचं, कात्री सासूबाईंची. मावशी दुकानाबाहेर पडल्या तर कात्री पिशवीत घालून सोबत नेत. आत्ताही ती पिशवी त्यांच्या मांडीवर होती.

"व्यायाम दाखवा बरं."

मावशींनी मूठ वळली, बोटं आकड्यासारखी वाकवली, सरळ केली. मग अंगठा आणि बोटं हवेतच कचाकच चालू लागली.

"हा मी शिकवलेला नाही."

"तो माझा मी घातला. पण कात्री हिला? परवा हिनं गिऱ्हाइकाचा खिसा तिरका लावला."

"खिसा मी सरळच लावला, आई," सूनबाई पंख्याकडे बघतच म्हणाली. "तिरका कापला होता तुम्ही. त्याआधीचे दोन मी गुपचूप पुन्हा कापले. तुमच्या बोटांना कापड कळेनासं झालंय."

मावशींनी तर्जनी अंगठ्यावर घासून बघितली. हातमोजा घालून घासल्यासारखं वाटलं.

"का सांगितलं नाहीस?"

"तुमच्या हातात कात्री होती ना."

फिजिओबाईनं हसू दाबलं आणि नवा पट्टा पुढं केला. "आता याला सुई लावायची नाही. कबूल?"

मावशींनी पट्टा काखोटीला मारला, कात्रीची पिशवी सूनबाईच्या मांडीवर ठेवली, जाता जाता फिजिओबाईच्या कोटाची बाही खांद्याशी एकदा ओढून सारखी केली, आणि बाहेर पडल्या.