पडवीतला दोन फुटी समुद्र

मंगळवारी सकाळी माशांच्या पेटीच्या काचेवरच्या तिन्ही गोगलगायी तळाशी पडलेल्या दिसल्या आणि गजानन बडेकरानं हातातला चहा तसाच खाली ठेवला. गोगलगाय काही घाईगर्दीत पाय घसरून पडणारा प्राणी नव्हे. तिनं काच सोडली म्हणजे पाण्यात काहीतरी वाईट शिरलेलं असतं.

गजा पळसदरीचा. गेली एकवीस वर्षं कळंबपासून खालापूरपर्यंतच्या रिसॉर्टांचे पोहायचे हौद तो सांभाळतो. काठावर उभं राहून नुसत्या आवाजावरून पंपाचं दुखणं सांगतो. मात्र त्या पाण्यात तो कधी उतरला नाही. उतरला तो मोटरच्या खड्ड्यात. दुसऱ्यांचं निळं पाणी राखता राखता त्याच्या मनानं घेतलं, की आपलंही थोडं पाणी असावं. आणि असायचंच तर समुद्राचं. म्हणून त्यानं पडवीत दोन फूट लांबीचा समुद्र बांधायला घेतला.

काच त्यानंच चिकटवली, पाणी फिरवायची जोडणीही त्यानंच केली. आरओचं पाणी, त्यात मापून घातलेलं पाकिटातलं मीठ आणि भोकाभोकांचे दगड. पुढचा दीड महिना, दगडांत घाण पचवणारे जंतू वाढेपर्यंत, पेटीत दगडांखेरीज काही नव्हतं. अख्खी आळी येऊन दगड बघून गेली.

"गजा, मासे कदी सोडनार?"

"आदी पानी पिकू दे."

"आमच्याकडं आंबे पिकतात बाबा."

पाणी पिकलं. मग दोन नारिंगी मासे आले, गोगलगायी आल्या, एका दगडावर मऊ पोवळ्याची बोटभर वस्ती आली. आणि आली लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एक कोळंबी.

गजाच्या आईला, सोनुबाईंना, हा सगळा उद्योग बिनकामाचा वाटायचा. पण ही कोळंबी माशांच्या अंगावरची घाण वेचून खाणारी. सोनुबाईंनी एकदा पाण्यात बोट बुडवलं, तर ती सरळ बोटावर चढली आणि नखं कोरायला लागली. गुडघे धरल्यापासून सोनुबाई दिवसभर पडवीत एकट्याच बसायच्या. त्यांचा हात असा निवांतपणे धरून बसायला घरात कुणाला वेळ होता? त्यांनी तिचं नाव ठकी ठेवलं आणि जन्मभर चवीनं खाल्लेलं कोळंबीचं कालवण सोडलं. बोंबील, मांदेली चालू. त्यांच्याशी ओळख झालेली नव्हती.

उन्हानं पेटीतलं पाणी रोज थोडं उडायचं. तेवढं गोडं पाणी रोज वरून घालावं लागतं. तेही काम सोनुबाईंनी आपणहून अंगावर घेतलं.

बुधवारी पोवळं मूठ वळावी तसं मिटलं. गुरुवारी दुपारी ठकी कोपऱ्यात कुशीवर कलंडली.

"काय झालं रं तिला?"

"बघतोय, आई."

"तीन दिस बघतोयस. रिसॉर्टवाल्याचा फोन आला की कसा पळतोस! हिनं पन फोन करायचा का?"

गजानं खारटपणा मोजला, बरोबर होता. उष्णता मोजली, तीही बरोबर. शेवटी त्यानं लोधिवलीच्या स्वराजला फोन लावला. स्वराजच्या घरात अशा चार पेट्या. या नादाला गजाला लावणारा तोच.

"आधी गोगलगायी, मग कोळंबी, आणि मासे ठणठणीत?" स्वराज म्हणाला. "गजादादा, पाण्यात तांबं उतरलंय. माशांना थोडं चालतं, यांना विष. मी निघालोच. पण लवकर सापडलं नाही तर ती संध्याकाळ काढणार नाही."

तांबं म्हटल्यावर गजा थेट पंपाकडं वळला. म्हणजे वायर, म्हणजे मोटर, म्हणजे आपणच! त्यानं एकेक सांधा उकलला, पंपाची आतडी बाहेर काढली, हीटरची वायर नखानं चाचपली. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. तेवढ्यात स्वराज आला. त्यानं परीक्षेच्या बाटलीत पेटीतलं पाणी घेऊन थेंब टाकले. पाणी निळं झालं. निळ्या पाण्यावर संसार केलेल्या गजाला तो निळा बघवेना.

"सरका रं जरा," मागून सोनुबाई लंगडत आल्या. "आजची भर घालायची ऱ्हायली."

त्यांच्या हातात नवरात्रातला कलश होता. तांब्याचा. चिंचेनं घासून सोन्यासारखा लखलखीत केलेला.

गजानं कलशाच्या तोंडावर हात धरला.

"आई, याच्यातनं कदीपास्नं घालतीस?"

"घट उठल्यापास्नं. मशीनच्या पान्यात काय जीव असतो व्हय? रातभर याच्यात ठेवते. डाक्टरनं मला सांगितलंय ना तसं? म्हटलं, ठकीला का नाय?"

स्वराजनं तोंड उघडलं. गजानं त्याच्या पायावर पाय दिला.

"माझ्या पंपात गडबड झालीय," तो म्हणाला.

"खोटं बोलू नको. तालुक्याचे पंप तू चालवतोस नि घरचा बिघडला?" सोनुबाईंनी एकदा कलशाकडं पाहिलं, एकदा ठकीकडं. "मीच घातलं ना?"

गजाला मान हलवावी लागली. सोनुबाई रडल्या नाहीत. कलश त्यांनी भिंतीशी ठेवला आणि विचारलं, "आता काय लागंल?"

पाणी बदलायला लागेल तेव्हासाठी मीठ कालवलेल्या पाण्याचा एक कॅन तयारच असायचा. ठकीला आधी त्यात हलवायचं होतं. पण ठेवायचं कशात? घरात पितळ, स्टील, ॲल्युमिनियम. बादल्या सगळ्या साबणाच्या. गजा स्वयंपाकघरात गोल गोल फिरत असताना मागं धबधब्यासारखा आवाज झाला. सोनुबाईंनी वर्षभराच्या पापडांचा प्लॅस्टिकचा डबा खाटेवर उपडा केला होता.

"आई, सादळतील!"

"सादळू देत. धू आनि घे."

डब्यात नवं पाणी आलं, हवेची नळी आली, लपायला पाइपाचा एक कोपरा आला. थेंबाथेंबानं पाण्याची सवय करत तासाभरानं ठकीला आत सोडलं. ती तळाशी टेकली आणि हललीच नाही. तिकडे स्वराजनं पेटीतलं निम्मं पाणी काढलं आणि तांबं शोषून घेणारी पुरचुंडी आत लावली. कोण जेवलं, कोण नाही, कुणी विचारलं नाही.

शुक्रवारी उजाडताच सोनुबाईंची हाक आली. नेहमीची हाक नव्हती ती. गजा धावला. डब्याच्या तळाशी ठकी पडली होती. फिकट, पोकळ, मिशा पसरलेल्या. सोनुबाईंनी हात घालून तिला अलगद ओंजळीत घेतलं.

"हलकी झालीय रं. काय पन उरलं नाय हिच्यात."

आईच्या खांद्यावर हात ठेवावा म्हणून तो पुढं झाला आणि त्याची नजर डब्यात गेली. पाइपाच्या तोंडातून दोन लांब पांढऱ्या मिशा बाहेर आल्या. मग एक पाय. मग नव्या कोऱ्या लाल पट्ट्यांची ठकी.

"आई, तुज्या हातात कात हाय. नवं पानी मिळालं, तर कात टाकली तिनं."

सोनुबाईंनी ओंजळीकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं, आणि इतका वेळ अडवलेलं रडू आता आलं.

"मेले! कापडं बदलायची व्हती तर सांगायचं तरी!"

गोगलगायी गेल्याच. पोवळ्याची वस्ती रविवारी उघडली, तीही निम्मीच. पण ठकी पेटीत परतली. सोमवारी गजानं आईपुढं प्लॅस्टिकचा नवा मग धरला.

"मी नाय घालनार आता. तूच घाल."

"मला कळंबला उशीर होतोय," असं म्हणून गजानं मग खाटेवर ठेवला आणि गाडीला किक मारली. फाटकापाशी त्यानं वळून पाहिलं. सोनुबाईंनी मग उचलला होता, आणि नखानं त्याचं बूड टकटक वाजवून त्या बघत होत्या.