उंबऱ्याची जागा

जखमी माजी सैनिकांनी बायकोसह राहून उपचार घ्यावेत, अशी इमारत आमच्या गावाबाहेर बांधायची होती. आराखडा करणाऱ्या बाईंनी माळावर चुन्याच्या फक्कीनं खोल्या आखून आम्हाला दाखवायला बोलावलं. माझे मालकही जखमी सैनिकच, पण ते यायलाच तयार नव्हते. आमच्या घराचा उंबरा उंच. दोघांनी चाकाच्या खुर्चीसकट उचलल्याशिवाय त्यांना बाहेर पडता येत नाही, म्हणून त्यांनी बाहेर पडणंच सोडलं होतं. त्या दिवशी मीच हट्ट धरून त्यांना उचलून आणवलं.

बाई म्हणाल्या, "इथं एकाही दाराला उंबरा नसेल."

मला कसंतरीच झालं. रोज सकाळी मी उंबऱ्याला हळदकुंकू वाहते. उंबऱ्याविना घर कसलं?

तेवढ्यात मालक चाकं फिरवत दाराच्या जागेतून आपले आपण आत गेले. बाहेर आले, पुन्हा आत जाताना एक चाक फक्कीच्या रेघेवरून गेलं.

कुणीतरी ओरडलं, "पावणं, भिंतीतनं जाऊ नका की!"

ते हसले. मला म्हणाले, "बघतीस काय? ये, च्या टाक!"

उसावरून वारा येत होता. त्या भिंती नसलेल्या खोलीत मला खिडकी दिसली, शेगडी दिसली, उकळी फुटलेला चहाही दिसला.

मी चिमूटभर फक्की घेऊन दाराच्या जागी जमिनीवर छोटी रांगोळी काढली.

"हळदकुंकवापुरती एवढी जागा ठेवा," मी बाईंना हळूच म्हणाले.

"जमिनीलगत दगडी पट्टी बसवू," त्या म्हणाल्या. "चाक अडणार नाही."

मालक पुन्हा बाहेर जाऊन आत आले. चाकाला लागून थोडी रांगोळीही आत आली.