गोंड्यांखालच्या गोचिडी

आमच्या घरात वेणीफणीचा पहिला मान घोडीचा. चिमूरच्या आसपास वरातीला आमची पांढरी घोडी जाते, आणि तिची आयाळ गुंफावी तर माझ्या नवऱ्यानेच. बारीक बारीक वेण्या, प्रत्येकीत लाल लोकरीचा गोंडा. एकदा घातल्या की लग्नसराई संपेपर्यंत तो त्या सोडत नसे. मी चिडवायचे, "माया डोक्यालेही कधी हात लावत जा." तो हसून खरारा उचलायचा आणि पुन्हा घोडीकडेच जायचा.

त्या वर्षी गडचिरोलीकडच्या एका खेड्यात वरात होती. मुक्कामाला घोडी बैलांच्या गोठ्यात बांधली. घरी आली ती ठणठणीत, पण काही आठवड्यांनी तिने चारा सोडला. अंग तापलेलं, मान खाली. एका सकाळी तिची लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची दिसली आणि मी दवाखान्यात निरोप धाडला.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी घोडीचा ओठ उलटून पाहिला. हिरड्या फिक्या, पिवळट झाल्या होत्या.

"गोचीड ताप दिसतो, भाऊ. गोचिडी कुठे आहेत?"

नवऱ्याला ते फार लागलं. "आमच्या घोडीले गोचीड? रोज खरारा करतो मॅडम. कान पाहा, पोट पाहा."

बाईंनी सगळं पाहिलं. एकही सापडली नाही. मग त्यांनी एक गोंडा उचलून वेणीच्या मुळाशी बोट घातलं. एरंडीच्या बियांएवढ्या फुगलेल्या गोचिडी तिथे एकीला एक लागून बसल्या होत्या. गोंडे बिघडतील म्हणून खरारा तेवढी जागा सोडूनच फिरत होता.

"इंजेक्शन देते. पण आयाळ कापावी लागेल, म्हणजे सगळ्या निघतील."

"वाचेल ना?" मी विचारलं.

"रक्त बरंच कमी झालंय. बघू या."

नवरा जागचा हलेना. मला त्या गोंड्यांचा राग आला, त्याचाही आला, आणि भीती तर त्याहून जास्त वाटत होती. मी घरातून ब्लाउज बेतायची कात्री आणली आणि त्याच्यापुढे धरली.

"तूच काप," तो म्हणाला. "माया हात नाई चालून राह्यला."

मी कापत गेले. त्याने घोडीचं तोंड छातीशी धरलं होतं आणि तिच्या डोळ्यावर हात ठेवला होता. लाल गोंडे धुळीत पडत होते आणि तो सरळ रडत होता. माझा राग तिथेच निवला. बाई चिमट्याने एकेक गोचीड ओढून स्पिरिटच्या बाटलीत टाकत होत्या.

मग सलाइन, पुन्हा इंजेक्शन, आणि नुसती वाट पाहणं. एका दुपारी मी अंगणात अंबाडी निवडत बसले होते. मागून घोडीची मान आली आणि सुपातली जुडी उचलून घेऊन गेली.

"अवो, खाऊन राह्यली!" मी ओरडले. नवरा तोंडाला साबण तसाच ठेवून धावत आला. त्या दिवशी आमच्या पानात भाजी नव्हती आणि आम्ही पोटभर जेवलो.

पुढे घुग्घुसच्या एका वरातीत नवरदेवाच्या मावशीने नाक मुरडलं. "इचे केस कुठी गेले बाप्पा?"

पूर्वी असं कोणी बोललं असतं तर नवरा भांडला असता. तो म्हणाला, "जीव राह्यला ना मावशी. केस येतीन."

केस आलेही. आता वेण्या फक्त वरातीपुरत्या. घरी आल्या आल्या तो सगळे गोंडे सोडतो आणि प्रत्येक केसाच्या मुळाशी बोटं फिरवतो. परवा संध्याकाळी घोडीचं आटोपलं, त्याने साबणाने हात धुतले आणि माझ्या मागे येऊन बसला.

"सोड वेणी," म्हणाला.

"काऊन? माया डोक्यात गोचिडी हायेत का?"

"पाह्यल्याबिगर कसं सांगू?"