उजेडातलं जेवण

मंचरचे कापडवाले रूपचंदशेठ दर हिवाळ्यात सगळ्या गोतावळ्याला घेऊन डिंभे धरणाच्या पाण्याकाठी तंबू ठोकायचे. त्यांच्या बायकोचा, उगमबाईंचा चौविहार. सूर्य मावळला की पाण्याचा थेंबसुद्धा नाही. बाकीचे रात्री शेकोटीपाशी जेवायचे. "हिच्यापायी दोनदा चूल पेटवा," असं शेठ दरवेळी चिडून म्हणायचे.

यंदा पावसाळ्यात उगमबाई गेल्या. तरी नातवंडांनी हट्ट धरला आणि बेत ठरला. नातू अंकित म्हणाला, "आजोबा, आता स्वयंपाक एकदाच करू, रात्री."

नेहमीच्या स्वयंपाकी महाराजांनी फोनवर विचारलं, "मग शेठ, उजेडातलं जेवण यंदा नको ना?"

"करा. एका माणसाचं."

"कोणाचं?"

"माझं."